गस्तीच्या गाडीचे डिझेल

"एवढे दंड घेतात, मग यांच्याकडे डिझेलला पैसे नाहीत असे कसे?"

पेणच्या एसटी स्टँडवर किंवा रोह्याच्या बाजारात महामार्ग पोलिसांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. प्रश्न रागातून येतो, पण तो चुकीचा नाही. मोबाइलवर चलनाचा मेसेज आला की हजार-दोन हजार जातात. त्याच माणसाची गाडी रात्री नागोठण्याच्या पुढे बंद पडली, तर पोलिसांची गाडी यायला तासभर लागतो. मग ते पैसे गेले कुठे? उत्तर सरळ आहे, पण त्याआधी दोन-तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतील.

१. 'टॅप'वरचे पोलीस

मुंबई-गोवा महामार्ग पूर्वी १७ क्रमांकाचा होता, आता तो ६६ क्रमांकाचा आहे. पनवेलजवळ पळस्पे फाट्यावरून निघून तो कर्नाळ्याच्या जंगलातून खाली उतरतो. खारपाड्याला पाताळगंगा ओलांडली की पेण तालुका लागतो. पुढे पेण, वडखळ, नागोठणे, वाकण फाटा, सुकेळी खिंड, कोलाड. रोहा गाव या रस्त्यावर नाही, कोलाडहून आत वळावे लागते. पण नागोठणे आणि कोलाड ही दोन्ही गावे रोहा तालुक्यातली, त्यामुळे महामार्गाचा मोठा भार रोह्याच्याही वाट्याला येतो.

या पट्ट्यात काय काय चालते ते पाहा. डोलवीच्या पोलाद कारखान्याचे ट्रेलर, नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्याचे टँकर, रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत जाणारी रसायने. शनिवारी वडखळला वळणारे अलिबागचे पर्यटक, चतुर्थीला वाकणहून पालीला जाणारे भाविक. आणि श्रावण संपता संपता दोन लोंढे समोरासमोर येतात. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतून गणपती मुंबईकडे निघतात आणि मुंबईचे चाकरमानी कोकणाकडे. रस्ता तोच, आठवडाही जवळपास तोच. पनवेल ते इंदापूर हा टप्पा रुंद करण्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले, आणि त्यानंतर इथल्या एका पिढीने वळणरस्ते, अर्धवट पूल आणि खड्डे यांतूनच गाडी चालवायला शिकून घेतले.

या रस्त्यावर दोन प्रकारचे पोलीस असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे पोलीस ठाण्याचे: पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड. अपघाताचा गुन्हा नोंदवणे, पंचनामा, तपास ही त्यांची कामे. दुसरे महामार्ग पोलीस. ते राज्याच्या अपर पोलीस महासंचालक (वाहतूक) यांच्या अखत्यारीत येतात. गस्त घालणे, वेगाला आवर घालणे, बंद पडलेले वाहन बाजूला काढणे, जखमीला आधी हात देणे, कोंडी फोडणे ही त्यांची कामे. त्यांच्या चौकीला कागदोपत्री 'महामार्ग पोलीस मदत केंद्र' म्हणतात. ट्रकवाले मात्र अजून 'टॅप' म्हणतात, म्हणजे ट्रॅफिक एड पोस्ट. वाकण टॅप, कशेडी टॅप अशी नावे ड्रायव्हरांच्या तोंडी आहेत.

टॅप कोंडीत दिसतो, चलनात दिसतो. त्याचे खरे काम दिसत नाही. ते एका दगडावरून सांगतो.

२. सुकेळी खिंडीतला दगड

पावसाळ्यात एका संध्याकाळी सुकेळी खिंडीत पाटा तुटलेला ट्रक उभा होता. ड्रायव्हरने आपल्याकडे सगळेच करतात तेच केले: मागे वीस पावलांवर नारळाएवढे चार दगड ओळीने मांडले, वर झाडाची फांदी टाकली. त्रिकोणी रिफ्लेक्टर त्याच्याकडे नव्हता. दोन तासांनी पाटा बसला, ट्रक गेला. फांदी वाऱ्याने उडाली. दगड तिथेच राहिले.

आता मागून ६० च्या वेगाने एक मोटारसायकल येते आहे असे समजा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. पावसात, डिपरवर, काळ्या डांबरावरचा काळा दगड ३०-४० मीटरवर आल्यावर दिसतो. डोळ्यांनी पाहिले, मेंदूला कळले, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे आलेली असते. ओल्या रस्त्यावर ती थांबायला आणखी ३५ मीटर तरी लागतात. म्हणजे एकूण ६० मीटर हवेत आणि हाताशी आहेत ४०. हा हिशेब चुकवण्याचा एकच मार्ग आहे: त्याआधी कुणीतरी तो दगड उचललेला असणे.

त्या संध्याकाळी तो उचलला गेला. गस्तीची गाडी आली, दिवा फिरता ठेवून आडवी लागली, एक हवालदार उतरला. त्याने चारही दगड एकेक करून गटारात टाकले, हात पँटला पुसले आणि गाडी पुढे गेली. दोन मिनिटांचे काम. त्याची नोंद कुठल्याही रकान्यात होत नाही. चलन फाडले तर आकडा वाढतो, अपघात झाला तर आकडा वाढतो. न झालेल्या अपघाताला रकानाच नाही. मंत्रालयात बसून ज्याला खर्च कमी करायचा आहे, त्याला हा हवालदार दिसत नाही, कारण कागदावर त्याने काहीच केलेले नसते.

३. बांध धरून ठेवणारे काम

पेणच्या खारेपाटातल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध असतो. बांध धडधाकट असतो तेव्हा त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पण खेकड्याने भोक पाडले, ते वेळेवर बुजवले नाही, आणि उधाण आले की बांधाला खांड जाते. खारे पाणी शेतात शिरले की पुढची काही वर्षे भात नीट होत नाही. भोक बुजवायला एक माणूस आणि दोन टोपल्या चिखल पुरतो, खांड बुजवायला सगळा गाव लागतो.

पूर्वी यासाठी 'जोळ' होती. बांधाच्या आत शेती असलेल्या सगळ्यांची जूट, आणि प्रत्येक घराने डागडुजीला माणूस द्यायचा. १९४८ च्या खार जमिनीच्या कायद्यानंतर सरकार या कामात उतरले आणि हळूहळू जोळ सैल पडत गेली. सरकारने बांध राखायला घेणे वाईट नव्हते. पण ज्याच्या शेताला धोका आहे तो आणि ज्याच्या हातात पैसा आहे तो, ही दोन वेगळी माणसे झाली. भोक शेतकऱ्याला दिसते, निधी दुसरीकडून यायचा असतो.

महामार्गावरची गस्त ही रस्त्याची जोळ आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्यांसह वाहने अंधारात पाण्यात गेली. पूल का पडला हा बांधकाम खात्याचा प्रश्न, त्यात मी शिरत नाही. पण फुगलेल्या नदीवरच्या जुन्या पुलावर अशा रात्री येणाऱ्या गाड्या वेळेत अडवायला कुणीतरी उभे असावे लागते, ही गोष्ट रायगडातल्या माणसाने विसरू नये. नवा पूल जून २०१७ मध्ये, सहा महिन्यांहून कमी दिवसांत उभा राहिला. पडल्यानंतर पैसा किती लवकर मिळतो हेही तेव्हा दिसले.

४. दंडाचे पैसे जातात कुठे?

आता मूळ प्रश्न. तुम्ही भरलेला दंड टॅपच्या पेटीत पडत नाही. राज्याच्या तिजोरीत जमा होणारा कर, शुल्क, दंड हे सारे एका मोठ्या रांजणात जाते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ मध्ये त्याला 'राज्याचा एकत्रित निधी' म्हटले आहे. त्यातून एक पेलाभर काढायचा तरी विधिमंडळाची मंजुरी लागते. म्हणजे दंड भरण्याचा नळ आणि खर्च काढण्याचा नळ यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही.

हे योग्यच आहे असे माझे स्पष्ट मत आहे. दंडाच्या पैशावर पोलिसांचे पगार आणि डिझेल चालू लागले, तर दंड जास्त मिळेल अशा वळणावर गाडी उभी राहील, दगड पडलेल्या वळणावर नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. पोलीस खात्याला दरवर्षी रांजणापाशी जाऊन आपला पेला मागावा लागतो, आणि रांगेत शाळा, दवाखाने, धरणे, कर्जाचे व्याज सगळेच उभे असतात.

५. कात्री कुठे लागते?

अर्थसंकल्प म्हटले की लोक बिचकतात. रोहेकरांनी तरी बिचकू नये. स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचे नाते याच मातीशी होते, आणि १९५२ मध्ये ते निवडून आले तेही तेव्हाच्या कुलाबा मतदारसंघातून. अर्थसंकल्प म्हणजे मोठ्या घराचा खर्च, एवढेच धरून चालू.

घरात पगार कमी पडला तर आपण काय करतो? भाडे देतो, मुलांची फी देतो, कर्जाचा हप्ता देतो. हे टाळता येत नाही. मग कात्री लागते भाजीला, औषधाला, घराच्या डागडुजीला. पोलीस खात्याचेही तसेच. सर्वांत मोठा खर्च 'वेतन', त्याला हात लावता येत नाही. उरतात छोटे शीर्ष: 'कार्यालयीन खर्च', 'मोटार वाहने' आणि 'पेट्रोल, तेल, वंगण'. आकड्याने लहान असलेले हे शीर्ष आधी कापले जातात. पण गस्त चालते ती त्यांच्यावरच. पगार मिळालेला हवालदार डिझेल नसलेल्या गाडीत बसला, तर खर्च पूर्ण होतो आणि गस्त शून्य होते.

कपात क्वचितच 'कपात' या नावाने येते. मार्चमध्ये मंजूर झालेली रक्कम वर्षभरात पूर्ण हाती येत नाही. निवृत्त झालेल्याची जागा भरली जात नाही. जुनी गाडी बाद होते, नवी पुढच्या वर्षावर जाते. उघड आदेशाने आलेली कपात आपण एकदा पाहिली आहे. ४ मे २०२० रोजी, करोनाच्या टाळेबंदीत, राज्य सरकारने विभागांचा खर्च तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणला आणि आरोग्य व वैद्यकीय शिक्षण वगळता नवी भरती थांबवली. संकट मोठे होते, निर्णय समजण्यासारखा होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुमारे साडेबारा हजार पोलीस पदे भरण्यासाठी सरकारला त्याच बंदीतून अपवाद काढावा लागला. पोलिसांची जागा फार काळ रिकामी ठेवता येत नाही, हे सरकारनेच मान्य केले.

६. एका आसनाला साडेचार माणसे

"एका गाडीत चार पोलीस, मग चौघे पुरेत की!" असे वाटते. हिशेब करून पाहू.

गाडीतले एक आसन चोवीस तास, सातही दिवस भरलेले ठेवायचे. आठवड्याचे तास झाले १६८. एक माणूस आठ तासांच्या पाळीने सहा दिवस काम करतो, म्हणजे ४८ तास. १६८ ला ४८ ने भागले की येतात साडेतीन. त्यात रजा, आजारपण, कोर्टाची तारीख, प्रशिक्षण, सणाचा बंदोबस्त धरला की एका आसनामागे साडेचार माणसे लागतात. चार आसने, म्हणजे १८ माणसे. एका गाडीला.

आता १८ पैकी सहा जागा रिकाम्या राहिल्या असे धरा. उरलेल्या १२ जणांवर तीच गाडी तितकीच चालवायची, तर पाळी आठऐवजी बारा तासांची होते. हिशेब बरोबर जुळतो, कागदावर गस्त अखंड दिसते. पण पहाटे चार वाजता, अकराव्या तासाला, वडखळच्या धुळीत गाडी चालवणारा तो ड्रायव्हरही माणूस आहे, आणि त्याच्याकडून आपण अपेक्षा करतो की डुलकी लागलेला दुसरा ड्रायव्हर त्याने ओळखावा.

डिझेलचाही असाच हिशेब मांडू. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, कुठल्या टॅपचे नाहीत. गस्तीचा पट्टा ४० किलोमीटरचा धरला, तर जाऊन-येऊन ८०. दिवसाला तीन फेऱ्या म्हणजे २४० किलोमीटर. लिटरला दहा किलोमीटर धरले तर २४ लिटर, ९० रुपये भावाने २,१६० रुपये रोज. वर्षाचे होतात ७ लाख ८८ हजार. आता वरून आदेश आला: इंधन एक तृतीयांश कमी करा. तीनच्या दोन फेऱ्या झाल्या. वर्षाला वाचले २ लाख ६३ हजार.

हे वाचलेले पैसे कशाच्या शेजारी ठेवून पाहायचे? रस्ते अपघातातल्या जखमीसाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये विनारोकड उपचारांची योजना लागू केली. एका जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत. दोन जखमी झाले की ३ लाख. म्हणजे ती तिसरी फेरी वर्षभर बंद ठेवून जे वाचले, ते दोन माणसांच्या एका आठवड्याच्या उपचारात निघून जाऊ शकते. त्यांच्या तुटलेल्या पायांचा, बुडालेल्या रोजगाराचा आणि घरातल्यांच्या खेट्यांचा यात हिशेब नाही.

७. जिथे हे खरोखर घडले

"गस्त कमी झाली म्हणून माणसे मेली, हे सिद्ध कसे करणार?" हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे रस्ता, पाऊस, गाड्यांची संख्या सगळेच एकदम बदलत असते, त्यामुळे एकट्या गस्तीचा परिणाम वेगळा काढणे अवघड. त्यासाठी अशी जागा हवी जिथे गस्त एकाएकी कमी झाली आणि बाकी सगळे जवळपास तसेच राहिले.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात तसे घडले. २००३ च्या जानेवारीत तिथल्या मतदारांनी करवाढ नाकारली. तिजोरीत खड्डा पडला आणि फेब्रुवारीत राज्य पोलिसांतल्या रस्त्यावर गस्त घालणाऱ्यांपैकी ३५ टक्के जणांना एका फटक्यात घरी पाठवले गेले. गुन्हेगारी घटली म्हणून नाही, काम उरले नाही म्हणून नाही, फक्त पैसे नव्हते म्हणून. ग्रेगरी डीअँजेलो आणि बेंजामिन हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी त्यानंतरच्या नोंदी तपासल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. चलने झपाट्याने घटली. रस्त्यावरचे जखमी आणि मृत्यू लक्षणीय वाढले.

मला सर्वांत बोलका वाटला तो एक तपशील. परिणाम सर्वाधिक दिसला तो शहराबाहेरच्या रस्त्यांवर आणि चांगल्या हवामानात. पाऊस-बर्फात माणूस आपणहून वेग कमी करतो, त्याला भीती निसर्गाची असते. स्वच्छ ऊन आणि मोकळा रस्ता असला की त्याला आवरायला पुढच्या वळणावर पोलीस असेल ही शंकाच लागते. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली, त्यांतली १५ हजारांवर महाराष्ट्रात. देशातल्या या मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले. ओरेगनचे आकडे जसेच्या तसे कोकणाला लावता येणार नाहीत, पण ॲक्सिलरेटरवरच्या पायाला आवरणारी ती शंका दोन्हीकडे सारखीच काम करते.

८. कॅमेरे आहेत ना?

आहेत, आणि ते हवेतच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वेग टिपणारी यंत्रणा बसली आहे, तशी इथेही बसावी. कॅमेरा झोपत नाही, ओळख काढणाऱ्याला सोडत नाही. पण चलन पोचते नंतर. तोवर दारू प्यायलेला चालक कोलाड ओलांडून गेलेला असतो. कॅमेरा उलटलेल्या टँकरपासून गर्दी हटवत नाही, रक्त वाहणाऱ्या पायाला फडके बांधत नाही, सुकेळीतला दगड उचलत नाही. जखमीचा पहिला तास मोलाचा असतो म्हणून तर कायद्यातही आता त्या तासाची व्याख्या आली आहे. त्या तासात लागतो तो माणूस, आणि त्याच्याखाली चालती गाडी.

रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलीस बंदुका सरळ धरून ग्रामदैवताला मानवंदना देतात. सारा गाव ते पाहायला रस्त्यावर उभा असतो. गाव आणि पोलीस यांचे असे नाते फार थोड्या ठिकाणी उरले आहे. त्या नात्याच्या हक्काने गावानेही पोलिसांसाठी काही मागावे.

मागायचे काय आणि कसे, तेही सांगतो. राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तके वित्त विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. गृह विभागाची मागणी क्रमांक बी-१ उघडा, तिचे नाव 'पोलीस प्रशासन'. त्यात 'पेट्रोल, तेल, वंगण' आणि 'मोटार वाहने' या ओळी शोधा, आणि गेल्या वर्षीची मंजूर रक्कम व सुधारित अंदाज शेजारी शेजारी ठेवून पाहा. आपल्या पट्ट्यापुरते जाणायचे असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तीनच गोष्टी विचारा: मंजूर पदे किती आणि भरलेली किती, गस्तीच्या गाड्या किती आणि त्यांतल्या चालू स्थितीत किती, आणि गेल्या बारा महिन्यांत दरमहा त्या गाड्या किती किलोमीटर चालल्या. तिसरा आकडा गाडीच्या लॉगबुकात असतो.

तो कागद हातात आला की आमदारांकडे जा. अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, त्यामुळे अर्ज डिसेंबरच्या आत गेला पाहिजे.